बदनाम कोडे

कोड्याच्या बाबतीत न्याय करणे फार अवघड असते. आंब्याची फोड आंबट निघाली तर दोष आंब्याचा, हे कोणीही मान्य करील. खाणाऱ्याच्या जिभेवर सहसा कोणी संशय घेत नाही. पण कोडे सुटले नाही म्हणजे दोष कोणाचा? घालणाऱ्याचा, की सोडवणाऱ्याचा? या खटल्यात सोडवणारा हाच फिर्यादी असतो, हाच साक्षीदार असतो आणि निकालपत्रही त्यालाच लिहायचे असते. असा न्यायाधीश 'हे कोडे वाईट आहे' असे म्हणू लागला की त्यात कोड्याचे वर्णन किती आणि त्याच्या स्वतःच्या फजितीचे किती, हे सांगणे कठीण. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण कोणी उगीच केलेली नाही. मात्र काही अंगणे खरोखरच वाकडी असतात, हेही विसरून चालणार नाही.

महाभारताच्या लेखनाची कथा घरोघर ठाऊक आहे. लेखणी थांबता कामा नये, अशी अट गणपतीने घातली. अर्थ कळल्यावाचून लिहू नये, अशी उलट अट व्यासांनी घातली आणि मधून मधून कूटश्लोक पेरून ठेवले. परंपरा त्यांची संख्या ८,८०० सांगते. प्रत्येक कुटापाशी बुद्धीच्या देवतेलाही क्षणभर थबकावे लागे, आणि तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक रचून घेत. ही कथा मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना व्यासांच्या चतुराईचे कौतुक वाटते. मला गणपतीचे वाटते. तो थबकला, पण 'श्लोक दुर्बोध आहे, कवीला लिहिता येत नाही' असा शेरा मारून त्याने लेखणी खाली ठेवली नाही. थांबण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

गणपतीला एक सोय मात्र होती. त्याच्या आधी ते श्लोक कोणी वाचलेले नव्हते, आणि 'पाचांपैकी दीड तारा' अशी चिठ्ठी त्यांवर कोणी चिकटवलेली नव्हती.

आज कोडे आपल्या हाती पडण्याआधी त्याची अपकीर्ती हाती पडते. मुले मोबाइलवर आणि संगणकावर जे कोड्यांचे खेळ खेळतात त्यांच्याविषयी मी बोलतो आहे. दिवाळी अंकात व्हिडिओ गेमचा विषय म्हणजे चकल्यांच्या ताटात प्लास्टिकची बाहुली, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरात मुले आहेत त्या घरात हा विषय अंकाआधीच येऊन बसला आहे. तर अशा प्रत्येक खेळाच्या कपाळी तारे असतात; तारे कमी असले की मूल अंगठा पुढे सरकवते आणि खेळाचा निकाल लागतो. हा निकाल कोणी लावला, किती खेळून लावला, हे कोणी विचारीत नाही.

संगणकावरील खेळांचे 'स्टीम' नावाचे एक मोठे दुकान आहे. तेथे मला दोन गोष्टी चांगल्या आढळल्या. एक म्हणजे मत देणाऱ्याने तो खेळ किती तास खेळला, हे मतापाशीच छापलेले असते. खेळ टाकाऊ आहे असे कोणी ठणकावून सांगत असेल आणि त्यापाशी 'बारा मिनिटे' असे दिसत असेल, तर आपण समजून घ्यावे. पुस्तकांच्या परीक्षणांना ही सोय असती तर काय बहार झाली असती! माझ्या एका कादंबरीच्या परीक्षणात नायक शेवटी गावी परततो याबद्दल मला चार शब्द सुनावण्यात आले होते. माझा नायक दोनशे चाळीस पानांत गाव सोडीतच नाही. दुसरी गोष्ट अशी, की विकत घेतलेला खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि चौदा दिवस उलटले नसतील, तर पैसे परत मिळतात. व्यापाऱ्याने आपल्या सोयीसाठी केलेला हा नियम. पण एखाद्या अनोळखी वस्तूला माणसाने निदान किती वेळ द्यावा, या नीतिशास्त्रातील प्रश्नाला इतके रोखठोक उत्तर मी दुसरीकडे कोठे वाचलेले नाही.

ताऱ्यांवर किती विसंबावे याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडले. २०१७ च्या एप्रिलमध्ये स्नॅपचॅट या कंपनीच्या प्रमुखाच्या तोंडी भारताच्या गरिबीविषयीचे एक वाक्य घातले गेले. कंपनीने ते नाकारले. पण लोक खवळले आणि त्या अ‍ॅपला एकेक तारा देऊ लागले. त्या धांदलीत काही जणांनी स्नॅपडील या भारतीय दुकानालाच धारेवर धरले. का, तर नावाचा पूर्वार्ध सारखा! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर पुन्हा चोरी झाली होती की नाही याचाच पत्ता नाही.

या सगळ्या विचारांना निमित्त झाले ते लातूरला. माझी थोरली बहीण दोन वर्षांपासून तेथे खोली करून राहते. मुलगा नीटच्या परीक्षेची तयारी करतो म्हणून. आमच्या मराठवाड्यात अशा आयांची संख्या थोडी नाही. राज्य मंडळाची गुणवत्ता यादी निघत असे त्या काळात शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या मुलांनी लातूरचे नाव महाराष्ट्रभर केले, 'लातूर पॅटर्न' हा शब्द रूढ झाला आणि गावोगावची मुले तिकडे लोटली. आता आमचे नांदेडही त्या वाटेने धावते आहे. मी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असे करीत एस.टी.ने लातूरला पोचलो, तेव्हा भाचा लॅपटॉपवर काहीतरी खेळत बसला होता आणि ताई स्वयंपाकघरातून मोठ्याने उसासे टाकीत होती.

"काय खेळायलास रे?"

"मामा, हा जगातला सगळ्यात बेकार गेम हाय म्हणत्यात."

"मग कशाला खेळायलास?"

तो हसला. "हा बी रिपीटरच की."

लातुरात नीटला दुसऱ्यांदा बसणाऱ्या मुलाला रिपीटर म्हणतात. शिकवणीत त्यांची तुकडी निराळी असते. शब्दात वाईट काही नाही, पण तो उच्चारताना लोकांचा आवाज थोडा खाली येतो, हे त्या मुलांना बरोबर कळते.

तो खेळ होता 'ई.टी.'. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा त्याच नावाचा चित्रपट १९८२ च्या जूनमध्ये आला आणि अफाट चालला. अटारी या कंपनीने त्यावर खेळ काढण्याचे हक्क घेतले. खेळ नाताळच्या बाजारात यायलाच हवा होता, म्हणून तो रचण्यासाठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुण रचनाकाराला मिळाले जेमतेम पाच आठवडे. एरव्ही अशा कामाला कित्येक महिने लागत. खेळ आला, सुरुवातीला खपला, मग लोकांनी नाके मुरडली, दुकानदारांनी पेट्या परत पाठवल्या. १९८३ साली कंपनीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो या गावाच्या कचरा डेपोत इतर मालाबरोबर त्याच्याही प्रती पुरल्या. तेव्हापासून 'आजवरचा सर्वांत वाईट खेळ' ही पदवी त्याला चिकटली ती चिकटलीच. ज्यांनी तो कधी पाहिलाही नाही तेही ती बिनदिक्कत उच्चारतात.

तो खेळ खरोखर आहे तरी काय? परग्रहावरचा एक जीव पृथ्वीवर राहून गेला आहे. त्याला घरी निरोप धाडायचा आहे. त्यासाठी टेलिफोनचे तीन तुकडे शोधून जुळवायचे. ते खड्ड्यांत दडलेले असतात. एक शास्त्रज्ञ त्याला पकडू पाहतो, दुसरा एक अधिकारी मिळालेले तुकडे काढून घेतो. खाली ९,९९९ हा आकडा असतो आणि प्रत्येक पावलागणिक तो घटतो. तीन तुकडे मिळाले की योग्य जागा हुडकून तेथून निरोप धाडायचा आणि वेळेत रानात जाऊन यानाची वाट पाहायची. पकडापकडी वरवरची, मुळात हे शोधून जुळवण्याचे कोडेच आहे.

पहिली वीस मिनिटे आम्ही खड्ड्यांत पडण्यात घालवली. अकरा वेळा पडलो. मान लांब करून तो जीव वर तरंगत येतो आणि बाहेर आला न आला तोच पुन्हा त्याच खड्ड्यात! मला हसू आवरेना. पडद्याच्या माथ्यावर काही चिन्हे उगवत आणि मावळत होती. बाण, प्रश्नचिन्ह, आणखी कसली कसली. आम्हां दोघांनाही त्यांचा अर्थ लागेना. याच क्षणी बहुतेकांनी तारे दिले असणार, हे उघड आहे.

मी चित्रकलेचा मास्तर. मुले रंग ओतायला उतावीळ असतात, तेव्हा मी त्यांना आधी डब्यावरचे वाचायला लावतो. मी भाच्याला म्हटले, त्या काळी याबरोबर एखादी पुस्तिका मिळत असेल, ती शोध. ती निघाली. त्यात सगळे लिहिले होते. प्रश्नचिन्ह जेथे उगवते तेथे कळ दाबली की त्या पडद्यावरच्या कोणत्या खड्ड्यात तुकडा आहे हे कळते. पडदे मिळून सहा, आणि ते घनाच्या सहा बाजूंसारखे एकमेकांना जोडलेले. भाच्याने वहीच्या पानावर घन काढला, बाजूंना नावे दिली, आणि पाऊण तासात ते यान येऊन त्या बिचाऱ्याला घेऊन गेले. ताईसुद्धा पदराला हात पुशीत शेवट बघायला आली होती.

तेव्हा हा खेळ चांगला आहे काय? नाही. बाहेर येताच पुन्हा खड्ड्यात पडणे हा चलाखीचा भाग नव्हे, तो दोष आहे. पात्राच्या चित्राचा कोणताही ठिपका खड्ड्याच्या चित्राला भिडला तरी ते पडते. पाय कडेवर असोत वा नसोत. डोळ्यांना एक दिसते आणि यंत्र दुसरे मोजते. पुढे काही हौशी जाणकारांनी खेळाची आज्ञावली उघडून हा दोष दुरुस्तही केला. पण चिन्हांचे न कळणे हा मात्र दोष नव्हता. ते न वाचण्याचे फळ होते. दोन्ही तक्रारी करणाऱ्याच्या तोंडून शब्द एकच निघतो, 'बेकार'. अवघड कोडे आणि अन्यायी कोडे यांत फरक करण्याची माझी एक जुनी खूण आहे. उत्तर कळल्यावर आपण स्वतःच्या कपाळावर हात मारतो, की कोडे घालणाऱ्याच्या पाठीत घालावासा वाटतो? पुस्तिका वाचून आम्ही कपाळावर हात मारला. खड्ड्यापाशी मात्र शेवटपर्यंत दुसरीच इच्छा होत राहिली.

भाच्याला याची गोडी का लागली, हे पुस्तिका वाचण्याआधीच माझ्या ध्यानात यायला लागले होते. २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला उणा एक. तेथे शहाणपण असे की, जे सुटत नाही त्यावर घुटमळू नये, पुढे जावे. परीक्षेपुरते ते बरोबरच आहे. पण दोन वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ ज्याला 'अडले की सोड' असे शिकवले जाते, त्याच्या हाताला ते वळण लागते. मग पुस्तक पहिल्या दहा पानांत सोडले जाते, माणूस पहिल्या भेटीत. त्या मुलाला कोठेतरी अडून बसायचे होते, जेथे उणा एक गुण नाही. त्यासाठी त्याने नेमके सगळ्यांनी टाकलेले कोडे निवडले, यात मला वाया जाणे दिसले नाही. ताईचे म्हणणे, दीड तास गेला तो गेलाच. तिचेही खोटे नाही. खोलीचे भाडे तिला भरावे लागते.

येथे एक सोपा उपाय सुचतो. शेरे झाकून ठेवावेत, तारे पुसावेत, वस्तू नितळ मनाने पाहावी, म्हणजे झाला न्याय. हा उपाय केंब्रिजमध्ये एका मोठ्या समीक्षकाने करून पाहिला आहे. आय. ए. रिचर्ड्स याने कवींची नावे काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांना दिल्या, पुन्हापुन्हा वाचायला अवधी दिला आणि मते लिहून मागितली. १९२९ साली त्याने हा सारा प्रकार पुस्तकरूपाने मांडला. निकाल लाजिरवाणा होता. नामवंतांच्या कवितांची हेटाळणी झाली, सामान्य पद्यांना काहींनी डोक्यावर घेतले. वाचणारी मुले कोणी आडगावची नव्हती, चांगली शिकलेली होती. या रिचर्ड्सच्या कलामीमांसेवर मराठीत पुस्तक लिहिले ते आमच्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी. ते १९८२ साली गेले. मी त्यांना पाहिलेले नाही. पण नांदेडात शिक्षकाचा पेशा करायचा आणि ते नाव कानी पडायचे नाही, हे शक्यच नाही. आधी शाळेत शिकवणारा आणि पुढे पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झालेला हा माणूस केंब्रिजच्या पंडिताशी नांदेडात बसून वाद घालतो, याचा माझ्यासारख्या मॅट्रिकपाशी थांबलेल्या मास्तराला नेहमीच मोठा आधार वाटत आला आहे.

रिचर्ड्सच्या प्रयोगातून मला एवढे दिसते की, दुसऱ्यांचा शेरा झाकला तरी मन कोरे होत नाही. आपल्या आवडी, घाई, ऐकीव कल्पना, दुपारचे जेवण, सगळे आत बसलेले असतेच. बोर्डाच्या उत्तरपत्रिका माझ्याकडे येत नाहीत, पण सातवीच्या चाचणीचे गठ्ठे येतात. तिसाव्या कागदापाशी हस्ताक्षर गिचमिड निघाले की माझी लाल शाई आपोआप पुढे सरकते, हे मला ठाऊक आहे. म्हणून असा कागद मी बाजूला ठेवतो आणि सकाळी पहिला काढतो. हा काही मनाचा मोठेपणा नव्हे, हिशेबाची पद्धत आहे. बोर्डाने तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याचा आणि पुनर्मूल्यांकनाचा हक्कच मुलांना दिला आहे. परीक्षक थकतो, हे मान्य केल्याशिवाय असा नियम होत नाही.

अधिक बिकट प्रश्न निराळाच आहे. वॉरशॉला पाच आठवडे मिळाले, हे कळल्यावर मी त्याला गुण वाढवून द्यावेत काय? भाच्याचे म्हणणे, द्यावेत. "मामा, पाच आठवड्यांत सहा पडदे, घन, तीन तुकडे, माणूस येडा हाय का?" २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, त्या वर्षी येथल्या मुलांनी कोणत्या हालात अभ्यास केला ते आम्ही जाणतो. पण त्यांची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी चुकलेले गणित बरोबर झाले नसते. मला वाटते, हकीकत कळल्याने माणसाविषयीचे मत बदलावे, वस्तूविषयीचे बदलू नये. खड्डा तो खड्डाच. परंतु खड्डा दिसला म्हणून रचणारा मूर्ख होता, असे जे जगाने ठरवले, ते मात्र पुसून टाकले पाहिजे. त्याच माणसाचा आधीचा 'यार्स रिव्हेंज' हा खेळ नावाजलेला होता. पुढे तो मानसोपचाराकडे वळला. २०१४ साली अलामोगोर्डोचा तो ढिगारा उकरला, तेव्हा तो स्वतः तेथे हजर होता. मातीतून निघालेल्या प्रतींपैकी एक आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. खेळ तोच, खड्डाही तोच.

दया आणि न्याय यांची गल्लत केली की मोठा घोटाळा होतो. रिपीटर म्हणून कोणी माझ्या भाच्याला चार गुण वाढवून दिलेले त्याला नको आहेत. त्याला एवढेच हवे आहे की, कागद उघडायच्या आधी कोणी निकाल लिहू नये. खेळ संपल्यावर त्याने मला विचारले, "मग किती द्यायचे, मामा?" मी शंभरांपैकी एक्केचाळीस दिले. पासाला पस्तीस लागतात. त्याने बराच वेळ हुज्जत घातली आणि अठ्ठेचाळीसवर अडून बसला.

अर्थात प्रत्येक बदनाम वस्तूला दोन तास द्यायचे म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. शहाण्या माणसाने दहांतली नऊ लोकांच्या सांगण्यावरून सोडून द्यावीत. लोक पुष्कळदा बरोबर असतात. दहावे कोणते निवडावे, याचा नियम मला सापडलेला नाही. मी आपले एवढे करतो: ज्याला शिव्या देणाऱ्यांचे शब्द सारखेच येतात, एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतल्यासारखे, ते उचलतो. वर्गात दोन कागदांवर एकच चूक आढळली की मास्तराला जे कळते, तेच येथेही. समीक्षकांनी अशी एकमुखाने झोडपलेली तीन मराठी पुस्तके नांदेडला माझ्या कपाटात आहेत. त्यांपैकी एक या दिवाळीच्या सुट्टीसाठी काढले आहे. चाळिसाव्या पानापर्यंत तरी समीक्षकांचेच खरे दिसते.